सगळे गुडघ्यावर बसले तेव्हा
इंग्लंडमधल्या माझ्या दुकानात दुखण्यावरच्या स्प्रेचा नवा बॉक्स फोडला, की त्या उग्र वासासोबत मला नॉटिंगहॅमचं ते चिखलाचं मैदान आठवतं. माझा मुलगा युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक होता. सगळे पास त्याच्याच हातून जायचे. फायनलच्या हाफटाइमला तो खांदा दाबत बसलेला दिसला, तसा मी कोचला गाठलं आणि म्हणालो, त्याला बाहेर काढा. आयुष्यभर घासाघीस करून मी माझंच खरं केलं, पण कोच हसून म्हणाला, "ही सेज ही इज फाइन, सर." खेळ पुन्हा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात समोरच्या टीममधल्या दोघांनी त्याला आडवं केलं आणि तो उठेना. मैदानातले सगळे खेळाडू एकेक करून गुडघ्यावर बसले. मला वाटलं, पोरगा गेला. मी कठडा ओलांडणार, तोच मुंबईहून शिकायला आलेल्या एका मुलीने माझी बाही धरली. "अंकल, कुणाला लागलं की बसतात असे. तो हलतोय, बघा ना." तिच्या गालावरचा टीमचा निळा रंग रडून ओघळला होता. मॅच हरलो, तरी टीमला ओरडून साथ द्यायला आलेली ती सगळी पोरं पावसात उभीच राहिली. अँब्युलन्समध्ये मी कोचला शिव्या घालत होतो, तर मुलगा म्हणाला, "बाबा, त्याला नका बोलू. मीच सांगितलं, फाइन आहे म्हणून." फायनलला विशीतलं पोर दुसरं काय सांगणार? त्याचा तो दुखरा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. मुलगा अजून त्याच कोचच्या टीमची मॅच बघायला जातो. मी त्याला गेटपाशी सोडतो आणि संपेपर्यंत गाडीतच बसून राहतो.