मागच्या डोंगरावर खडूचं वर्तुळ

प्यो ओकबुन केसांत ब्रश खोचते आणि मग दिवसभर तो शोधते. भाजलेल्या जवाचा चहा आणि ब्रश धुतलेलं पाणी तिच्याकडे एकाच रंगाचं असतं; दोन्ही पिऊन बघितल्यावरच तिला कळतं. चित्रातल्या टेकडीला ती म्हणते, "सरक की जरा." गावाकडे फोन लावला की ओरडून बोलते, कारण गाव लांब आहे. चित्र पूर्ण झाल्याशिवाय ती सही करत नाही. आणि चित्र पूर्ण झालं, असं तिला कधी वाटत नाही.

त्यामुळे तिचं पहिलं प्रदर्शन सत्तावन्नाव्या वर्षी लागलं. सोलमधल्या एका गल्लीत, एका खोलीएवढ्या आर्ट गॅलरीत. तिथे दाराशी मी बसते. साहित्यात पदवी घेतली की अशी खुर्ची मिळते. मी तिला ताई म्हणते. ती मला भेटल्याबरोबर विचारते, जेवलीस का.

सगळी चित्रं तिच्या गावाची, बामगोलची. एकातही माणूस नाही. माहितीपत्रकात मी त्यावर एक मोठा परिच्छेद लिहिला होता, रितेपण वगैरे. ताईने तो वाचला. म्हणाली, "छान आहे गं. पण माणूस काढला की तो येऊन भांडतो, माझं नाक असं नाही म्हणून."

पहिल्या आठवड्यात एक दातांचे डॉक्टर आले आणि सगळ्यात मोठं चित्र, गावामागचा डोंगर, घेऊन टाकलं. गॅलरीच्या मालकीण यांग बाईंनी त्याच्या पाटीवर विकल्याची लाल टिकली चिकटवली. ताईच्या आयुष्यातली पहिली टिकली. ती चित्र सोडून टिकलीकडेच बघत बसायची.

"शनिवारी नेतो," डॉक्टर म्हणाले. "तेवढी सही करून ठेवा."

गुरुवारी बामगोलची बस आली.

आधी फुलांची कमान आली. ती दारातून आत जाईना, म्हणून बाहेरच उभी केली आणि गॅलरीचं नाव झाकलं गेलं. तिच्या रिबिनीवर लिहिलं होतं, "ओकबुन, गाव विसरली नाहीस. येत तेवढी नाहीस." मग माणसं आली. गुळगुळीत लाकडी जमीन बघून सगळ्यांनी दाराशी पायताणं काढली, भिंतीला टेकून बसली आणि उकडलेलं डुकराचं मटण नि मुळ्याची किमची उघडली. आम्हालाही बूट काढावे लागले. यांग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कमानीकडे बघितलं.

खाऊन झाल्यावर तपासणी सुरू झाली.

"माझं छप्पर निळं आहे. तू लाल केलंस."

"लालच होतं की, काकू."

"गेल्या वर्षी बदललं! येशील तेव्हा दिसेल ना."

"आणि माझी गाय?"

"गाय घरात आहे," ताई म्हणाली. "थंडी आहे चित्रात."

एकटे छा दोकमान आजोबा तपासणीत नव्हते. मोठ्या चित्राला नाक लावून उभे. बऱ्याच वेळाने वळले.

"ओकबुन, आमची ही कुठंय?"

त्यांच्या बायकोला, हादोंगवाल्या काकूंना, मागच्या शरदात त्याच डोंगरावर पुरलं होतं. तिच्या हातचं खाऊन ताई वाढलेली. ताई तेव्हा गेली नव्हती.

"मी तेव्हा हाच डोंगर काढत होते, काका," ती म्हणाली.

"मग कशी सुटली? दातवाल्याच्या भिंतीवर अख्खा डोंगर जाणार आणि ती मागं राहणार? शेवटपर्यंत स्वतःच्या दातांनी मुळा खाल्ला तिनं. त्या डॉक्टराला दाखवण्यासारखी बाई होती."

"चित्र विकलंय!" यांग बाई ओरडल्या. "टिकली लागलीय!"

"टिकली पाटीला लागलीय," सरपंच मा म्हणाले. "डोंगर मोकळाच आहे."

मग जागेवरून जुंपली. वाकड्या पाइनच्या खाली. खाली कुठे, वर! ताईने छोट्या शिडीवर चढून खडूने थडग्याच्या गोल उंचवट्यासाठी एक छोटं वर्तुळ काढलं.

"एवढीशी?" आजोबा म्हणाले. "जाड होती ती."

ताईने वर्तुळ वाढवलं. आजोबांनी मान तिरकी करून बघितलं आणि पहिल्यांदा हसले. "आता बसेल."

ताईने केसांतला ब्रश काढला. पहिल्याच झटक्यात सापडला. हिरवा रंग लावून तो वर्तुळापर्यंत नेला आणि थांबली.

"काका, ऊन कुठून येतं तिच्यावर?"

"सकाळी येतं."

"कुठून पण?"

"मला काय माहीत? मी तिथं डोळे मिटून बसतो."

ताई शिडीवरून उतरली. म्हणाली, "बघूनच येते."

आणि रंगाच्या एप्रनमध्येच बसमध्ये चढली. एका पायात तिचा बूट होता, दुसऱ्यात यांग बाईंचा. ब्रश माझ्या हातात होता. ओला.

शुक्रवारी तिचा ओरडून फोन आला. "अगं, थडग्यावरच्या गवतानं अजून मूळ धरलेलं नाही! पिवळं आहे. पिवळी काढली तर काका रागावतील. धरेपर्यंत थांबते!"

"उद्या डॉक्टर येणार आहेत, ताई!"

"त्यांना जेवायला घाल!"

शनिवारी डॉक्टर आले. चित्रासमोर उभे राहिले.

"हे वर्तुळ?"

मी परिच्छेद आठवायचा प्रयत्न केला. आला नाही.

"काकू यायच्या आहेत," मी म्हटलं. "थडग्यावर गवत धरलं की."

त्यांनी वर्तुळ बघितलं. मग खालचा उजवा कोपरा, जिथे सही असते, तो बघितला. तिथे काहीच नव्हतं. विचारलं, गवत धरायला किती दिवस लागतात. ते रिकाम्या हाताने गेले, पण टिकली काढायला सांगितली नाही.

प्रदर्शन उतरलं. बाकीची चित्रं कागदात गुंडाळून ठेवली आहेत. डोंगर अजून भिंतीवर आहे. यांग बाई रोज ओरडतात, एका बुटावरून. मी रोज सकाळी ताईचा ब्रश धुते, वाळू देत नाही. खडूच्या वर्तुळात अजून काही नाही.