पोलिसांच्या टेपवरचे प्रवचन

श्रीगजानन आणि ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर यांच्या चरणी मस्तक ठेवून, आज श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, आणीबाणीतल्या एका श्रावणाची आठवण लिहितो.

त्या वर्षी सोलापुरात माझ्या प्रवचनाला साध्या वेशातले एक हवालदार येत. संस्कृत श्लोक उतरवता येत नसल्याने त्यांना पोलिसांचा टेपरेकॉर्डर दिला होता. पण अहवाल मात्र ते मराठी टिपणांवरूनच लिहीत. त्यामुळे ‘जो राजा ऐकून घेत नाही, त्याचे राज्य टिकत नाही’ हे वाक्य माझ्या नावावर चढले आणि प्रवचनाची परवानगी जाण्याची वेळ आली.

फौजदारांनी मला चौकीत बोलावले. मी एवढेच विनवले, “टेप आरंभापासून ऐकावी.”

चकत्या फिरू लागल्या. आधी श्लोक, मागून त्याचा अर्थ, असे माझेच प्रवचन मी ऐकत होतो. ते वाक्य आले तसे फौजदार म्हणाले, “अहो हवालदार, हे तर पोथीतलं आहे की. आता पोथीला चौकशीला बोलावता काय?”

“साहेब, शास्त्रीबुवा श्लोक लई भरभर म्हणत्यात,” हवालदार पुटपुटले. “मी निसता अर्थच लिवला.”

परवानगी कायम झाली. तरीही फौजदारांनी टेप थांबवली नाही. अध्याय संपून श्रोत्यांचा नामघोष उमटला, तेव्हा चौकीतल्या शिपायांनीही हात जोडले. दुसऱ्या दिवशी माझा स्वर कधी नव्हे इतका मोकळा लागला.

वाचकहो, आपल्या घरी प्रत्येकाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले जावो आणि श्रीसिद्धरामेश्वर आपल्या कुटुंबाला सदैव सुखी ठेवो.