फळीवरचा हात

कामठ्याच्या मंदिरात दर गुरुवारी भजन असायचं. ढोलकी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची बायको ठार बहिरी होती. तरणेपणीच तापात तिचे कान गेले होते. ती नवऱ्याच्या पाठीमागे, त्याच लाकडी तखतावर बसायची, फळीवर तळहात टेकवून. ठोके हाताला लागले की तिची मान अचूक डोलायची.

यंदा म्हातारा गेला. महिन्याभराने भजन पुन्हा सुरू झालं, तेव्हा ढोलकीवर दुसरा माणूस होता. तिने हात टेकवला आणि लगेच उचलून घेतला. मी शेजारून खुणेनंच विचारलं, काय झालं?

"बराबर वाजवून राहिला तो," ती म्हणाली. "पर हा माह्या बुढ्याचा हात नोहे."

मला तर दोघांच्या वाजवण्यात काहीच फरक ऐकू आला नव्हता. भजन संपेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.