अप्पांच्या टेबलावरचा बल्ब

नागूअप्पा गेल्याचं मला बार्शीत कळलं. लग्नपत्रिकांचा कागद घ्यायला गेलो होतो. फोनवर त्यांचा पुतण्या बोलत होता आणि समोर दुकानदार विचारत होता, पिवळा देऊ का गुलाबी... मी काय सांगितलं ते आठवत नाही. घरी येऊन बघतो तर दोन्ही रंग बांधून आणलेले.

कळंबच्या बसस्थानकामागं आमची दुकानं शेजारी-शेजारी. माझं पत्रिका छापायचं, त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. आमच्याकडची वीज कधी भसकन वाढते, कधी नुसती मिणमिणते. त्यात आधी जातो तो पॉवर सप्लाय, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा. अप्पा तो उघडून आतले फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी बारकी नळकांडी, काढायचे, नवे सोल्डर करायचे. ‘त्यापेक्षा नवाच डबा घेतो’ असं कुणी म्हटलं की तोंड पाडून बसायचे.

पण गडी लई भित्रा! एकदा तोंडासमोर कपॅसिटर फुटला, तेव्हापासून दुरुस्त केलेल्या डब्याचं बटन त्यांनी स्वतः कधी दाबलं नाही. “मालक, या की जरा,” अशी हाक आली की हातातलं काम टाकून मी जायचं. मी बटन दाबायचो आणि अप्पा उंबऱ्यात, कानात बोटं घालून उभे. खरं तर भ्यायचं कारण नव्हतं. टेबलावरच्या बोर्डावर एक बल्ब होता, वीज त्या बल्बातूनच डब्यात जायची. बल्ब एकदा चमकून विझला की काम चांगलं. जळतच राहिला की आत शॉर्ट, पुन्हा उघडा. विझला की अप्पा आत यायचे आणि चहा सांगायचे. मला वैताग यायचा. ऐन लग्नसराईत माणसानं उठायचं तरी किती? आता कुणी उठवत नाही, तरी संध्याकाळी अंग मोडून येतं.

वर्षभरात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन आज करू, उद्या करू असं चाललं होतं. कपॅसिटरवर एक बारीक पट्टी असते, ती बाजू उलटी बसली की सगळं मुसळ केरात. अप्पांना ती पट्टीच दिसेना. बल्ब वरचेवर जळत राहू लागला. “बोर्डच बिघडलाय,” म्हणायचे. मी ‘व्हय’ म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशी टेबलावर माझाच सप्लाय होता. बार्शीहून आलात की बटन दाबायला या, असं त्यांनी मला सकाळीच सांगितलं होतं. दुपारी ते जेवायला घरी गेले, आणि ताटावरच छातीत कळ आली.

मागच्या आठवड्यात अप्पांच्या बायको, शांतावहिनी, दुकान आवरायला आल्या. त्यांचा जन्म शेतात गेला. दुकानात येऊन त्या कधी दोन घटका बसलेल्या नव्हत्या. माझा डबा स्क्रू आवळून तसाच टेबलावर होता. त्यांनी त्यावरची धूळ पदरानं पुसली.

“भाऊजी, खरं सांगा. लोक म्हणत्यात, शेवटी शेवटी ह्यांना काम जमत नव्हतं. हे लावून दावा मला.”

घरी नेऊन बघतो म्हणालो. ऐकेनात. शेवटी वायर जोडली. सवयीनं उंबऱ्याकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं. बटन दाबलं.

बल्ब लागला. मी वाट बघितली... विझेना. पिवळाजर्द, जळतोच आहे. त्याचा उजेड वहिनींच्या तोंडावर पडला होता.

“लागला की हो!”

“लागला, वहिनी.”

“म्हंजी जमत हुतं त्यांला.”

“व्हय,” म्हणालो, “जमत होतं.”

मी बटन बंद करायला हात पुढं केला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “जळू द्या जरा येळ.”

मी हात मागं घेतला.