कावळ्यासमोर कबूल केलेला धडा

बाबा मंगळवारी गेले. बुधवारी त्यांचा तास होता. तासाला मोडल्सचा धडा होता.

मी हे याच क्रमाने सांगते, कारण भेटायला येणारे त्यांचे विद्यार्थीही याच क्रमाने हळहळत. "सर गेले," ते म्हणत, आणि मग आणखी खालच्या आवाजात, "आणि मोडल्स राहिले."

बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्तीनंतर भाईंदर पश्चिमेला आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ते मोठ्या माणसांना शिकवू लागले. बुधवारी संध्याकाळी आई भजनाला गेली की सतरंजीवर विद्यार्थी आणि सोफ्यावर बाबा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, घरी उशिरा येते, त्यामुळे हा तास मी कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या फक्त दोन खुणा मला माहीत होत्या. बुधवारी रात्री बाबांना भूक नसे, आणि गुरुवारी सकाळी सोफ्याखाली पिवळसर भुगा पडलेला असे. (आईच्या मते ही वाळवी. तिने माणूस बोलावून दोनदा औषध मारून घेतलं. वाळवीने ते मनावर घेतलं नाही.)

मोडल्स म्हणजे कॅन, कुड, मे, शुड, मस्ट ही मंडळी. बाबा सांगायचे, "क्रियापद काम करतं. मोडल स्वतः काही करत नाही, शेजारी उभं राहून त्या कामाबद्दल मत देतं. करता येईल, करायला हवं, केलंच पाहिजे. आपल्या घरात जशी आत्या."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती हे ऐकून खूश व्हायची. तिला ती स्तुती वाटे.

दहाव्याला आम्ही खाडीकाठच्या घाटावर गेलो. मी एकुलती एक, त्यामुळे विधी मीच करत होते. पिंड मांडले, शेजारी पान वाढलं, आणि सगळे बाजूला होऊन कावळ्याची वाट बघू लागलो. कावळा पिंडाला शिवला की समजायचं, गेलेल्याची काही इच्छा उरली नाही. नाही शिवला, तर काहीतरी राहिलंय.

भाईंदरला कावळ्यांची टंचाई कधीच नव्हती. मासळीबाजारात ते माणसाच्या हातातून बोंबील नेतात. त्या दिवशीही कठड्यावर रांगेने बसले होते. पण आमच्या पानाकडे बघून एकेक मान वळवत होता. पानात दुधीची भाजी होती. डॉक्टरांनी तूप, तेल, मैदा सगळं बंद केल्यापासून बाबा दुधीच खात, म्हणून आईने तीच केली होती. शिवाय आत्याचा शिरा होता, त्यात तिने साखर बेताची घातली होती. (पथ्य. अजूनही.)

"वहिनीची काळजी करू नकोस रे, मी आहे," आत्या कावळ्याला म्हणाली.

कावळा दोन पावलं मागे सरकला.

"तुमची पुस्तकं रद्दीत देणार नाही," आई म्हणाली. कावळ्याने चोच पुसली.

"तुझा कुकर मी नेला होता तो परत आणून देईन," आत्या म्हणाली. आई चटकन तिच्याकडे वळली. तो कुकर आमची कामवाली घेऊन गेली, असं आई आजवर समजत होती. पण ही वेळ नव्हती.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मला पुढे काशीमिऱ्याला जायचंय. दर्भाचा कावळा करून लावू या का? शास्त्रात सोय आहे."

"माझा भाऊ गवताच्या कावळ्यावर जाणार नाही," आत्या म्हणाली. "त्याला काय हवंय ते शोधा."

तेव्हा मागून भारती पुढे आली. भारती बाबांची सगळ्यात चिवट विद्यार्थिनी. गोडदेवची, सासरची माणसं पूर्वी मिठागरावर होती, आता त्यांचं सिमेंट-रेतीचं दुकान आहे. तिला मिरा रोडच्या एका खाजगी दवाखान्यात स्वागतकक्षात नोकरी हवी होती. मुलाखतीत दोनदा इंग्रजी अडकलं होतं. तिसरी मुलाखत पुढच्या शुक्रवारी होती, आणि सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, या खेपेला न्हाय झालं तर इंग्रजी बस, दुकानात बस.

"काकू, मी बोलू?" ती म्हणाली. "सरांचा जीव मोडल्समध्ये अडकलाय. दुसरं काय न्हाय. मंगळवारी सकाळीच फोन केलता मला, उद्या धडा संपवतो म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी मोठ्याने बोलत नाही. ग्रंथालयात इतकी वर्षं लोकांना गप्प करता करता माझा स्वतःचा आवाजही जमा झालाय. चार माणसांसमोर उभं राहून मी आजवर फक्त राष्ट्रगीत म्हटलंय, तेही इतरांबरोबर.

"बोल," आत्या म्हणाली.

"बाबा," मी म्हणाले, "मी मोडल्स शिकवू शकेन, बहुतेक."

कावळा हलला नाही.

"बहुतेक काय? त्याला बहुतेक कळतं का?"

"शिकवायला हवं, असं मला वाटतं."

"अगं, बाप आहे तो. नीट शब्द दे."

गुरुजी म्हणाले, "सगळ्यांनी हात जोडा, डोळे मिटा आणि मनापासून म्हणा." आम्ही डोळे मिटले. मी पूर्ण श्वास घेतला आणि म्हणाले, "बाबा, मोडल्स मी शिकवीन. मीच शिकवीन." एवढा आवाज माझ्यातून निघेल, हे मलाही ठाऊक नव्हतं.

पंखांचा फडफडाट झाला. डोळे उघडले तर एक नाही, पाच कावळे पानावर होते. आई रडत हसली. आत्याने माझ्या पाठीवर थाप मारली. गुरुजी म्हणाले, "असा शिवलेला मी कधी बघितला नाही," आणि काशीमिऱ्याला गेले. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की जन्मात प्रथमच माझ्या शब्दाला वजन आलं होतं, आणि त्याच शब्दाखाली मी सापडले होते.

तेरावा झाला, आणि पुढच्या बुधवारी संध्याकाळी मी सोफ्यावर बसले. व्याकरणाची चार पुस्तकं ग्रंथालयातून स्वतःच्याच नावावर आणली होती. दार उघडंच होतं, कारण भेटायला येणारे अजून थांबले नव्हते. आईचं भजन बंद होतं, ती आत्याशेजारी खुर्चीवर बसली होती. भारतीने मांडीवर एक पिशवी धरली होती. आईला बघून तिने ती पदराखाली सरकवली. मला वाटलं, पुस्तकं असतील.

"व्हॉट इज अ मोडल?" मी सतरंजीला विचारलं.

मी पुस्तक उघडून वाचत राहिले. मान वर केली तेव्हा माणसं दुप्पट झाली होती. सगळे पांढऱ्यात, सगळे गप्प, सगळ्यांचे चेहरे पडलेले. बाबांचा वर्ग एवढा मोठा होता याचा मला अभिमान वाटला. चेहरे पडलेले होते ते माझ्या शिकवण्यामुळे, असं मी धरून चालले.

कोपऱ्यातल्या चष्मेवाल्या गृहस्थांकडे मी बोट केलं. "तुम्ही. शुड हॅव वापरून एक वाक्य."

ते दचकले. "मी?"

"हो. घाबरू नका. चुकलं तरी चालेल."

ते सावकाश उठले, त्यांनी हात जोडले. "आय शुड हॅव कम बिफोर," ते म्हणाले. "आय कुड नॉट कम. आय वॉज इन सुरत."

"उत्तम," मी म्हणाले. मला खरोखरच हुरूप आला. "आता मस्ट घालून."

"सर मस्ट बी..." ते थांबले. त्यांनी चष्मा काढला. "सर मस्ट बी हॅपी देअर."

आई हुंदका देऊन रडायला लागली. भारती माझ्या कानाशी आली. "ताई, हे आपल्या वर्गातले न्हाय. दुसऱ्या माळ्यावरचे किरीटकाका हायेत. भेटायला आलेत."

(एकाच बिल्डिंगमध्ये राहून मी त्यांना ओळखलं कसं नाही, असं कुणी विचारेल. जिन्यात मी मान खाली घालून चालते. मी शेजाऱ्यांना चपलांवरून ओळखते, आणि चपला बाहेर होत्या.)

"काय म्हणाले ते?" आत्याने डोळे पुसत विचारलं.

"म्हणाले, आधी यायला हवं होतं."

"हवंच होतं," आत्या म्हणाली.

मी पुस्तक मिटून माफी मागणार, तेवढ्यात किरीटकाका म्हणाले, "बेटा, चालू ठेव ने. घरी येऊन काय बोलायचं समजत नाही. इकडे तू विचारते, मग बोलता येते."

त्यानंतर तास माझ्या हातात राहिला नाही. चौथ्या माळ्यावरच्या आजींना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनाही वाक्य हवं होतं. त्या मराठीत बोलल्या, "मास्तर असते तर मला जिन्यात हात दिला असता," आणि भारतीने ते अडखळत इंग्रजीत केलं. वुडपाशी अडली, मी हळूच पुरवलं. मग एकेकाचं वाक्य ती उचलत गेली. मध्येच उठून आईला पाणी दिलं, आजींना टेकायला उशी दिली, आणि क्रियापद न सोडता परत जागेवर आली. आत्याने शेवटी मराठीतच सांगितलं, "भावाने मला विचारून जायला पाहिजे होतं." त्याचं इंग्रजी करायला कुणीच पुढे आलं नाही.

शुक्रवारी मी ग्रंथालयात एकच कपाट तीनदा लावलं. दुपारी भारतीचा फोन आला. "ताई, त्यांनी विचारलं, पेशंटचे नातेवाईक रडायला, भांडायला लागले तर काय करशील? मी म्हटलं, आय वुड गिव्ह वॉटर. देन आय वुड लिसन. आय मस्ट नॉट से डोन्ट क्राय."

"मग?"

"सोमवारपासून ये म्हणाले. सासरे दुकानात पेढे वाटतायत."

ग्रंथालयात मी पहिल्यांदाच मोठ्याने हसले. एका विद्यार्थ्याने मला गप्प बसायची खूण केली. बाबा गेल्यापासून छातीवर जो दगड होता, तो सरकला.

रविवारी भारती पेढे घेऊन आली. आई आत चहा टाकायला गेली, तशी ती माझ्याजवळ सरकली.

"एक सांगायचं हाय. रागावू नका. त्या दिवशी कावळा तुमच्या बोलण्यावर न्हाय आला."

"म्हणजे?"

"तुम्ही सगळ्यांनी डोळे मिटलेले. मी पानात खारी ठेवली. सरांची."

"कसली खारी?"

"बुधवारची. आम्ही पुडा आणायचो. काकू भजनाला गेल्या की सर चहात बुडवून खायचे. तास बुधवारी कशाला ठेवला होता, तुम्हाला काय वाटलं?"

मी सोफ्याखाली पाहिलं.

आयुष्यात एकदाच माझ्या शब्दाला आलेलं वजन मैद्याचं होतं. पण कबूल केलेलं कबूल केलेलं असतं. मोडल्स झाले, आता पॅसिव्ह व्हॉइस चालू आहे, आणि भारतीला दुपारची पाळी असली की किरीटकाका तिच्या जागेवर बसतात. आई पुन्हा भजनाला जाते. खारी मी आणते.

सोफा तिथेच आहे. वाळवी परत आली, असं आई म्हणते.