जनरेटरमागची खुर्ची

माझ्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये केटररचा वाढपी आहे, नवऱ्याकडच्या बसचा ड्रायव्हर आहे, आणि एका पानावर हारांच्या ताटाकडे टक लावून बसलेलं कुत्रंही आहे. ज्या माणसाबरोबर मी अर्धं आयुष्य मावळातल्या मांडवांतून हिंडलो, तो माणूस मात्र त्यात कुठंच नाही. चूक फोटो काढणाऱ्यांची नाही. माझी आहे, आणि ती मी डोळे उघडे ठेवून केली आहे. ती सांगायची तर आधी त्या माणसाबद्दल सांगावं लागेल.

त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पूर्ण नाव मी देत नाही. नाव छापलं की ते कुणाच्या वर आलं आणि कुणाच्या खाली, यावरून लग्नं मोडायला आलेली मी पाहिली आहेत. कामशेतपासून पवनेच्या काठापर्यंत कुणाच्या घरी लग्नाचा जुना अल्बम असेल, तर त्यातले फोटो बहुधा भाऊंचेच. ते फोटो काढायचे, मी व्हिडिओ. म्हणून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "काय शूटिंग, निघायचं का?" असं ते म्हणाले की मी व्हॅनचं मागचं दार दोरीनं बांधायचो आणि आम्ही निघायचो.

मांडवात पाऊल टाकल्यावर फोटोग्राफर काय विचारतो, तुम्हाला माहीत आहे. नवरी तयार झाली का, वायर कुठून घ्यायची, जेवणं कधी. भाऊ गळ्यात कॅमेरा अडकवत पहिला प्रश्न टाकायचे, "रुसलंय कोण?"

यजमानाला आधी राग यायचा. "कुणी न्हाई भाऊ, समदी आनंदात हायती."

"मग अजून पाव्हणं पुरतं आलं न्हाईत," भाऊ म्हणायचे.

आणि थोड्या वेळानं एखादी मावशी पदर सावरत यायचीच. "भाऊ, नवरीचं मामा कुटं दिसंनात हो!"

भाऊंचं म्हणणं सरळ होतं. रुसव्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लोक जुना अल्बम उघडतात ते फोटोत कोण आहे हे बघायला नव्हे, कोण नाही ते बघायला. "नवरीचा फोटू हुकला तर परत काढता येतो, शूटिंग. नवरी कुटं जाती? पर रुसून गेल्याला परत हुबा करता येत न्हाई."

रुसलेला माणूस सापडायचा कुठं, हेही ठरलेलं होतं. 'मी चाललो घरी' म्हणून निघालेला माणूस घरी जात नाही. घरी गेला तर आपल्याला न्यायला कोण कोण येतंय, हे त्याला दिसणार कसं? त्याला लोकांपासून लांब, पण लोकांना शोधता येईल इतपत जवळ बसायचं असतं. अशी जागा मांडवात एकच, जनरेटरच्या मागं. तिथं एक प्लास्टिकची खुर्ची असतेच. ती कोण नेऊन ठेवतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

तिथं गेल्यावर भाऊ कधी 'का रुसला' असं विचारायचे नाहीत. विनवणी तर मुळीच नाही. "इनवणी केली का मान आणखी ताठ व्हती." ते लाईटचा स्टँड पुढं करायचे. "मामा, वाईच ह्ये धरता का? माझा मानूस आला न्हाई." मामा सवयीनं धरायचे. धरलं की उभं राहावं लागायचं, उभं राहिलं की चालावं लागायचं, आणि चालता चालता मांडव यायचा.

"हातात काम आलं का रुसता येत न्हाई. घरी करून बघ," भाऊंनी मला सांगितलं होतं. मी बायकोवर करून पाहिलं. तिनं स्टँड हातात घेतला, इथपर्यंत भाऊंचं बरोबर निघालं. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

एकदा मुंबईहून येणाऱ्या वऱ्हाडातले नवरदेवाचे मामा उर्से टोलनाक्याच्या पुढं गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. नवरदेवाच्या गाडीतली पुढची सीट मामाची. तिथं नवरदेवानं कॉलेजचा मित्र बसवला होता. सगळे हातापाया पडत होते. मामांचं एकच, "मी एसटीनं परत जातो." आणि त्या एक्सप्रेस वेवर, जिथं एसटी थांबायचा प्रश्नच नाही, ते एसटीला हात करत होते.

आमची व्हॅन मागून आली. भाऊंनी मला मागं बॅटऱ्यांवर बसवलं, मामांना पुढं घेतलं आणि त्यांच्या मांडीवर स्टँड आडवा ठेवला. "संभाळा मामा. ह्यो पडला तर माझा धंदा पडला." लग्नाच्या गावापर्यंत, तिकोणा पेठेपर्यंत, मामांनी तो तान्ह्या बाळासारखा धरला. पुढची पंचाईत अशी, की मांडवात पोचल्यावर मामा तो परत द्यायला तयार होईनात. मंगलाष्टकं सुरू झाली, नवरदेवामागं मामा उभे राहिले, ते स्टँड घेऊनच. आजही त्या फोटोत नवरदेवाच्या डोक्यातून स्टँड उगवलेला दिसतो आणि मागं मामा दरबारातल्या भालदारासारखे.

बेडशाला एका बौद्ध कुटुंबात लग्न होतं. तिथं नवरीची आत्या रुसली होती. तिनं हौसेनं आणलेली पांढरी साडी सोडून नवरीनं आपल्या वहिनीनं निवडलेली नेसली होती. भाऊंनी आत्याच्या हातात रिफ्लेक्टर दिला, तो उजेड परतवणारा चंदेरी गोल पडदा.

"ह्येनं काय व्हतं?" आत्यानं विचारलं.

"तुमी जिकडं वळवाल तिकडं उजेड पडतो."

आत्याला हे फार पटलं. तिनं भंतेजींवर उजेड टाकला, नवरीवर टाकला, मनवायला येऊन पाय धरून गेलेल्या भाच्यांवर टाकला. वहिनी मात्र त्या अल्बमच्या प्रत्येक पानावर अंधारात आहे. भाऊ फोटो निवडताना म्हणाले, "काय बी म्हण शूटिंग, बाईला लाईटिंग कळतं."

त्यांच्या खाकी बॅगेत सेफ्टी पिना, जादा मुंडावळ्या, टॉवेल-टोपी आणि एक नारळ कायम असायचा. कुणाचा मान द्यायचा राहिला की भाऊ गुपचूप टॉवेल-टोपी यजमानाच्या हातात सरकवायचे. लग्नघर जे जे विसरतं ते सगळं त्या बॅगेत होतं. भाऊ स्वतः विसरायचे ते फक्त कॅमेऱ्याचं कार्ड. एकदा अख्खी हळद त्यांनी कार्डाशिवाय टिपली. लक्षात आल्यावर चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाले, "हळद नीट बसली न्हाई. समद्यांनी परत लावा." आणि समद्यांनी परत लावली. नवरदेव पुढं चार दिवस पिवळा होता म्हणतात.

आता माझं.

माझी पाठ गेली तसा मी लोणावळ्याच्या बाजारात फ्रेमचं आणि अल्बम छपाईचं दुकान टाकलं. भाऊ आपली व्हॅन घेऊन हिंडत राहिले. माझ्या मुलीचे बारशापासूनचे सगळे फोटो त्यांनी काढलेले. लहानपणी एका वाढदिवसाला ती रुसून कॉटखाली गेली, तेव्हा भाऊंनी तिच्या दुप्पट उंचीचा स्टँड कॉटखाली सरकवला होता. "ताईसाहेब, वाईच ह्ये धरता का?" ती आली, स्टँडसकट.

तिचं लग्न पुण्यातल्या घरात ठरलं. माणसं चांगली, शिकलेली, हळू बोलणारी. लग्न लोणावळ्यात रिसॉर्टच्या लॉनवर. फोटोला पुण्याहून मुलांची टीम आणि वर ड्रोन. मी भाऊंना सांगायला गेलो आणि म्हणालो, "भाऊ, ह्या खेपेला कॅमेरा घरी ठेवायचा. पाहुणे म्हणून यायचं."

ऐकायला हा मोठा मान वाटतो. भाऊंनाही वाटला. त्यांनी त्या दिवसासाठी नवा पांढरा शर्ट शिवला. खरी गोष्ट अशी होती, की मला त्यांच्या सतरा खिशांच्या जाकिटाची लाज वाटत होती. कानापर्यंत उतरलेल्या कलपाची आणि दोरीनं बांधलेल्या व्हॅनच्या दाराची वाटत होती. आणि सगळ्यात जास्त धास्ती होती, ती माझ्या व्याह्यांना पाहताच हा माणूस "रुसलंय कोण?" विचारेल याची.

भाऊ आले. नव्या शर्टावर सवयीनं जुनं जाकीट चढवलेलंच होतं. कॅमेरा नसल्यामुळं हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी खिशात, कधी मागं, मध्येच गळ्याशी नेऊन पट्टा चाचपायचे. नवरा-नवरीचे फोटो सुरू झाले तसे ते नकळत स्टेजजवळ येऊन, आयुष्यभर वाकत आले तसेच, अर्धे वाकून उभे राहिले.

टीममधला एक मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, प्लीज, फ्रेममधून जरा बाहेर."

भाऊ बाजूला झाले.

"अजून थोडं, काका."

मी स्टेजवर होतो. दोन्ही वेळा ऐकलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की ते आमचे आहेत, त्यांना वर घ्या. शेजारी व्याही उभे होते. मी माझा फेटा नीट केला.

भाऊ बाजूला होत होत दिसेनासे झाले. ते कुठं गेले असतील, हे त्या लॉनवर माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मेंदीच्या कुंपणापलीकडून जनरेटरची घरघर मला स्टेजवर ऐकू येत होती. त्यांना आणायला जाऊ शकेल असा त्या लग्नात एकच माणूस होता, आणि तो व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडं बघून हसत होता. तो फोटो फार छान आला आहे.

पुढं मुलगी अल्बम घेऊन माहेरी आली. पानं उलटता उलटता थांबली. "बाबा, भाऊकाका कुठंयत?"

"लवकर गेले असतील."

"न जेवता?" ती म्हणाली. मग पुन्हा पहिल्या पानापासून बघितलं आणि विचारलं, "त्यांना आणायला कुणी गेलं नाही?"

मी चहाचे कप उचलून आत गेलो. आमच्या घरात मी कप उचलत नाही, त्यामुळे तिला काय समजायचं ते समजलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पवनेकडं, भाऊंच्या घरी निघालो. बरोबर टॉवेल-टोपी, नारळ आणि दुकानातला जुना लाईटचा स्टँड घेतला. भाऊंचीच विद्या, वाटेत दोनदा वाक्य म्हणून पाहिलं.

भाऊ अंगणात आंब्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मला पाहून उठले नाहीत.

"या शेठ. बसा."

मला आजवर त्यांनी शेठ म्हटलं नव्हतं. मी घाईघाईनं स्टँड पुढं केला. "भाऊ, जरा हे धरता का?"

भाऊंनी स्टँडकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खाली ठिवा. भुई धरल."

मी स्टँड भुईवर ठेवला आणि टॉवेल-टोपी काढली.

"ते बी ऱ्हाऊ द्या. माझ्याच बॅगंतलं औषीद मला पाजता व्हय?"

वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "आत्ता सुचलं यायला? तुमच्या पोरीचं लगीन झाल्यापास्नं ही खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठिवलीया. झाडताना म्या फिरवली का ह्ये परत रस्त्याकडं करत्यात."

"हिकडनं वारं येतं," भाऊ म्हणाले.

आंब्याचं एकही पान हलत नव्हतं.

मी म्हणालो, "लग्नाच्या गडबडीत राहून गेलं, भाऊ. तुम्हाला तर माहितीय, गडबड कशी असते."

"गडबड मला सांगता, शेठ? जलमभर गडबडीतच उभा हाय म्या."

डाव संपले होते. रुसलेल्याला कसं उठवायचं हे सगळं मी ज्यांच्याकडून शिकलो, ते समोर बसले होते, आणि साधी माफी कशी मागायची हे त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. लग्नात तेवढा वेळच नसायचा.

"भाऊ, गडबड नव्हती," मी म्हणालो. "तो मुलगा तुम्हाला बाजूला व्हा म्हणाला, ते मी ऐकलं. दोनदा ऐकलं. तुम्ही जनरेटरच्या मागं बसलाय हेही मला माहीत होतं. मला व्याह्यांसमोर तुमची लाज वाटली. चुकलं माझं."

वहिनी तांब्या तिथंच ठेवून आत गेल्या. भाऊ रस्त्याकडं बघत राहिले. एक दुधाची गाडी आली, गेली. धूळ खाली बसली. मग त्यांनी माझ्याकडं न बघता हात लांब केला.

"आण हिकडं तो स्टँड."

मी दिला. त्यांनी त्याचे तिन्ही पाय उघडले, तो अंगणात सरळ उभा केला, आणि वर नजर नेली.

"आन् लाईट कुटंय? नुसता दांडा घिऊन आलास व्हय, शूटिंग?"