जंगलातली मामी

मामाचं शेवटचं काम मी खराब केलं.
आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून सांगून टाकते.

मामा करी रोडचा. तीस वर्षं लालबागच्या कारखान्यात गणपतीचे हात केले. फक्त हात. प्लास्टर आणि काथ्या.
विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी न चुकता गिरगाव चौपाटीवर जायचा. वाळूत न विरघळता पडलेले आपलेच हात बघून यायचा आणि त्या दिवशी जेवायचा नाही.

मामी गेली ती एकदम. सकाळी भाजी निवडत होती, दुपारी नव्हती.

मग वडाळ्याला मिठागरांच्या अलीकडे जी झाडी उरलीय ना, तिथे मामाने लाकडाची मामी बसवली. पाय पसरून, भाजी निवडताना बसायची तश्शी. पाडलेल्या चाळीचं लाकूड, वाळक्या फांद्या, बांधायला काथ्या. खिळा एकही नाही.

दोन पावसाळ्यांत तिच्या मांडीवर शेवाळ आलं, पाठीत मुंग्या. मामा दर रविवारी डबा घेऊन तिच्याकडे जायचा. खूश असायचा.

मी म्हटलं, "अरे, वार्निश तरी मार. कुजतेय ती."
"कुजांदे. ती घाईत गेली. हिका तरी सावकाश जावंदे. तू हात लावू नको हां."
मी हो म्हटलं होतं.

मामा गेला. त्यानंतरच्या पावसात तिचा उजवा हात गळून पडला आणि मला राहवलं नाही.
कारखान्यात फोन केला. मामावर सगळ्यांचा जीव, लगेच आले. नवा हात बसवला. वरून फायबरचं कोटिंग, त्यावर ऑइल पेंट, हिरवी साडी. शेवटी सवयीने डोळेही आखले.
मामाने तिला डोळे दिलेच नव्हते.

मी इथे फोटो टाकले. तुम्ही खाली "मामा अमर झाले" लिहिलंत. मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी गेले होते. बोटाने टकटक केलं. आतलं लाकूड वाळवीने खाल्लंय, नुसता पोकळ आवाज. रंग मात्र काल दिल्यासारखा.
आजूबाजूच्या पाल्याची माती झालीय. ती तेवढी जशीच्या तशी.

चौपाटीवर जे बघून त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही, तेच मी त्याच्या बायकोचं केलं. तेही प्रेमाने.

तुम्ही श्रद्धांजली लिहालच. लिहा.
माझं एवढंच. मामा, चुकले मी.
मामी अजून तिथेच बसलीय.